पोच कुणी द्यायची?

पगाराच्या चिठ्ठीवर 'पी.टी.' अशी एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. रक्कम इतकी किरकोळ की तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही आणि चौकशीही करत नाही. महाराष्ट्राने १९७५ साली हा व्यवसाय कर लावला तो रोजगार हमी योजनेला पैसा लागणार होता म्हणून. शहरात ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याने, खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी थोडा भार उचलावा, असा सरळ हिशेब होता.

त्यामुळे आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर "बेकारांना घरबसल्या पैसे कसले देता, निदान काहीतरी करून तरी घ्या त्यांच्याकडून" असं कुणी म्हणालं की मी लगेच वाद घालायला जात नाही. बोलणारा त्या पैशातला वाटेकरी आहे, त्याला विचारायचा हक्क आहे. शिवाय त्याचं म्हणणं मुळात चूकही नाही. काम शोधणाऱ्या माणसाला समाज पैसे देतो तेव्हा त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवण्यात गैर काय? माझं भांडण पुढच्या पायरीवर आहे. अपेक्षा कोणत्या, त्या मोडल्या हे ठरवणार कोण, आणि टेबलापलीकडच्या खुर्चीकडून काय अपेक्षित आहे ते कुठे लिहिलंय? बेकाराला घातलेली अट न्याय्य ठरते ती देणाऱ्यानेही स्वतःला मुदत घालून घेतली असेल तर. एकाच बाजूला घातलेली अट ही चाळणी असते. तिचा उपयोग माणसं कामाला लावायला होत नाही, यादीतली नावं कमी करायला होतो.

ही चाळणी आपल्याकडे जुनी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने दुष्काळी कामं काढली होती. सर रिचर्ड टेंपल पाहणीला आले ते खर्च आवरायचा, हे मनाशी धरूनच. जानेवारी १८७७ मध्ये मजुरी खाली आली: दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि त्यावर दिवसभर माती वाहायची. त्याच सुमारास गावाजवळच्या लहान कामांवरच्या लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगण्यात आलं. सरकारी कागदात याला अंतराची परीक्षा म्हणत. ज्याला खरी गरज आहे तो घरदार, गुरंढोरं सोडून छावणीत जाईल, आणि जो जाणार नाही त्याला गरज नाही, असा त्यामागचा तर्क. दख्खनच्या मजुरांनी कामावर जायचंच नाकारलं. हा एक प्रकारचा संपच होता, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी मदत नाकारावी ही गोष्ट आजही चमत्कारिक वाटते. पण त्यांना परीक्षा आणि काम यांतला फरक बरोबर कळला होता.

खडी फोडून घेणं हीसुद्धा अशीच एक परीक्षा. इंग्लंडच्या गरीब-कायद्याखाली मदत मागायला आलेल्या धडधाकट माणसाला दगड फोडायला लावत. त्या दगडांची कुणाला फारशी निकड नसायची. निकड होती ती मागणारा खरा आहे की ऐतखाऊ, हे पाहण्याची.

वि. स. पागे यांनी तीच खडी उचलली आणि तिचा अर्थ उलटा करून टाकला. पागे विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास त्यांनी मागेल त्याला काम देण्याचा लहानसा प्रयोग करून पाहिला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या घरातली जुनी माणसं अजून लाल मिलो (परदेशातून आलेली तांबडी ज्वारी), सुकडी (दुष्काळात वाटलेलं पौष्टिक खाणं) आणि खडीची कामं यांच्या आठवणी सांगतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम तेच, अंगमेहनतीचं. माती, मुरूम, खडी, पाझर तलाव, नालाबांध. कष्ट टाळता येणार नाहीत अशीच रचना होती, म्हणून गरज नसलेला फारसा फिरकतही नसे. कामावर साधारण निम्म्या बाया असत. एवढ्यापर्यंत टेंपलसाहेबांनाही आक्षेप घ्यायला जागा नव्हती.

फरक पडला तो एका तारखेने. मजुराने काम मागितलं की १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. परीक्षा आता सरकारचीही होती. मजुराने सिद्ध करायचं एवढंच की मी अंगमेहनतीला तयार आहे, आणि ते तो कामावर येऊनच सिद्ध करत होता. किती ठिकाणी काम शोधलं, कुणाकुणाला विचारलं, असले कागद त्याच्याकडे कुणी मागत नव्हतं. काम देणारा समोर उभा असेल तर शोधाचे पुरावे मागायचं कारणच उरत नाही.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने (मनरेगा) हीच चौकट देशभर नेली आणि दोन्ही बाजूंची बंधनं नेमकी लिहिली. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश भत्ता, त्यानंतर किमान निम्मा. काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत, त्यापलीकडे असेल तर १० टक्के जादा मजुरी. मजुराची बाजूही स्पष्ट होती: दिलेलं काम घेतलं नाही, कळवल्यापासून १५ दिवसांत हजर झाला नाही, किंवा परवानगीशिवाय आठवड्याहून जास्त गैरहजर राहिला, तर तीन महिने त्याला भत्ता मागता येणार नाही. पण काम मात्र तो केव्हाही मागू शकेल. हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. शिक्षा पैशाची आहे आणि मुदतीची आहे. दार बंद होत नाही. इतका समतोल कलमांचा तुकडा मी दुसऱ्या कुठल्या देशाच्या बेकारीच्या कायद्यात वाचलेला नाही.

आता इतकी चांगली चौकट असूनही भत्ता फारसा कुणाला मिळाला नाही, हेही खरं. कारण पोच. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचं आणि त्याला तारीख घातलेली पोच मिळायची. १५ दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. अनेक गावांत अर्ज घेतला जातो पण पोच दिली जात नाही. किंवा काम निघाल्यावर, मस्टर (हजेरीपट) आल्यावर, अर्ज मागाहून भरून घेतले जातात, म्हणजे मागणी आणि काम यांत अंतर शून्य. त्यात या कायद्यात मजुरीचा पैसा केंद्राचा होता आणि भत्त्याचा बोजा राज्याचा, त्यामुळे भत्ता देय झाला हे कागदावर येऊ नये अशीच वरपासून खालपर्यंत सगळ्यांची इच्छा. एका ओळीच्या पोचेवर अख्ख्या कायद्याची हमी टांगलेली, आणि ती ओळ लिहायला हात उचलत नाही. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर मात्र मस्टरवर खाडा तिथल्या तिथे पडतो.

कारखान्यातल्या कामगाराचीही अशीच एक जुनी अट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार ले-ऑफ दिलेल्या, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलेल्या, कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या निम्मी भरपाई मिळे. पण कलम २५-ई म्हणे, ही भरपाई हवी तर रोज एकदा, कामाच्या वेळेत, ठरलेल्या वेळी कारखान्यात हजर राहायचं. शिवाय त्याच मालकाच्या पाच मैलांच्या आतल्या दुसऱ्या कारखान्यात, तितक्याच पगाराचं आणि वेगळं कौशल्य न लागणारं काम मिळत असेल तर ते घ्यायचं. रोज गेटवर जायचं, 'आज काम नाही' हे ऐकायचं आणि परत यायचं. वरवर हे अपमानास्पद वाटतं. पण नीट पाहिलं तर मालकालाही रोज गेटवर उत्तर द्यावं लागत होतं. दोघेही एकमेकांच्या नजरेपुढे होते, आणि 'योग्य काम' म्हणजे काय हे मैलांत आणि पगारात मोजलेलं होतं.

याच्या उलट प्रकार मी स्वतः अनुभवलाय. पदवी झाल्यावर जिल्ह्याच्या गावी जाऊन एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढलं. तेव्हा सगळेच काढत. दर काही वर्षांनी नूतनीकरण करायचं, चुकलं तर ज्येष्ठता गेली. मी ते तीनदा केलं. एसटीचं भाडं, एक अख्खा दिवस, खिडकीपुढची रांग. एकदा मुदत संपून आठवडा झाला होता म्हणून खिडकीतल्या बाईंनी मला असं झापलं की जणू मी सरकारची नोकरी हातची घालवली. त्या कार्यालयाकडून मुलाखतीचं एकही पत्र मला कधी आलं नाही. त्याबद्दल झापायला माझ्याकडे खिडकी नव्हती. (नोकरी शेवटी मामांच्या ओळखीने लागली, हे लिहायला हवं. महाराष्ट्रातलं खरं सेवायोजन कार्यालय मामाच.)

परदेशात हे सगळं चोख असतं असं आपण धरून चालतो. काही बाबतीत असतं. माझ्या एका मित्राची मुलगी दक्षिण जर्मनीत नोकरी करते. तिची नोकरी गेली तेव्हा पहिला धडा तिला मिळाला तो असा की नोटीस हातात पडल्यापासून तीन दिवसांच्या आत सरकारी रोजगार कचेरीला कळवायचं, नाहीतर एक आठवड्याचा भत्ता गेला. स्वतःहून नोकरी सोडली असती तर सर्वसाधारणपणे १२ आठवडे काही नाही. भत्ता म्हणजे हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. दोन वर्षं विम्याचा हप्ता भरलेला असेल तर वर्षभर. गणपतीला पुण्याला यायचं होतं तर आधी कचेरीची परवानगी. वर्षातून साधारण तीन आठवडेच गावाबाहेर राहता येतं, कारण बोलावलं तर हजर व्हायला हवं. तिच्या आईला हे ऐकून रागच आला: "गुन्हेगार आहे का ती?"

मुलीला तसं वाटलं नाही, आणि त्याचं तिने सांगितलेलं कारण मला पटलं. तिला काय नाकारता येईल हेही तिथे लिहिलेलं आहे. पहिले तीन महिने जुन्या पगाराच्या २० टक्क्यांहून जास्त कमी पगाराची नोकरी नाकारली तर कुणी बोलू शकत नाही. पुढचे तीन महिने ही हद्द ३० टक्के. सातव्या महिन्यापासून मात्र भत्त्याइतका पगार हातात पडत असेल तर ती नोकरी घ्यावी लागते. जाण्यायेण्यात पूर्णवेळ कामासाठी रोज अडीच तासांपर्यंत गेले तर तक्रार नाही. आठवड्याला १५ तासांहून कमी आणि महिन्याला १६५ युरोपर्यंत किरकोळ काम केलं तर भत्ता कापला जात नाही, फक्त कळवायचं. अट जितकी नेमकी, तितकी खिडकीतल्या माणसाच्या लहरीला जागा कमी. 'योग्य काम' हा शब्द मोकळा सोडला तर त्याचा अर्थ नेहमी खुर्चीत बसलेला माणूस ठरवतो.

पण हा झाला विम्याचा भत्ता, म्हणजे ज्याने हप्ता भरला त्याचा. त्या भत्त्याची मुदत संपलेल्यांची किंवा हप्ता कधीच न भरलेल्यांची गोष्ट निराळी. जर्मनीत २००५ पासून त्यांच्यासाठी वेगळी, कडक व्यवस्था आली. ज्यांच्या नावाने ती ओळखली गेली ते पेटर हार्ट्झ एका मोटार कंपनीचे अधिकारी होते. अट मोडली की ३० टक्के कपात, पुन्हा मोडली की ६०, आणखी मोडली की सगळंच बंद, तेही सरसकट तीन महिने. गोदामाच्या कामाचं शिक्षण घेतलेल्या एका माणसाने गोदामातलं काम नाकारलं, मला विक्रीच्या कामात जायचंय म्हणाला. आधी ३० टक्के गेले, मग ६०. प्रकरण तिथल्या घटना न्यायालयापर्यंत पोचलं. ५ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सरकारला सहकार्य मागता येईल, न दिल्यास कपातही करता येईल, पण ३० टक्क्यांच्या वरच्या त्या कपाती घटनेत बसत नाहीत. माणूस पुन्हा सहकार्य करू लागला तरी तीन महिने शिक्षा चालूच ठेवायची, हेही बसत नाही. कारण ती रक्कम मुळातच माणसासारखं जगायला लागणारी किमान रक्कम म्हणून ठरवलेली. किमान म्हणायचं आणि वर त्यातून कापायचं, हे दोन्ही एकदम कसं जमणार? तिथला वाद त्यानंतरही मिटलेला नाही. सरकार बदललं की लगाम कधी सैल होतो, कधी घट्ट.

ब्रिटनने तर शोधाच्या पुराव्याचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिलाय. १९२१ पासून तिथे भत्ता मागणाऱ्याला आपण 'मनापासून काम शोधतोय' हे सिद्ध करावं लागे. काम उपलब्ध आहे का, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र कुणावरच नव्हती. कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या, जहाजबांधणीचे धक्के ओस पडले होते, आणि खाणकामगाराने काम नाही हे ठाऊक असलेल्या दारांवर रोज जाऊन नकार गोळा करायचे. १९३० मध्ये ही अट रद्द झाली तोवर जवळपास ३० लाख अर्ज या एका कारणाने फेटाळले गेले होते. त्याच देशाने पुढे २०१३ पासून बेकारांशी लेखी करार करायला सुरुवात केली, आठवड्याला ३५ तास काम शोधायची अपेक्षा ठेवली, आणि २०१६ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवलं की शिक्षेचं प्रमाण एका कचेरीत एक तर दुसरीत भलतंच. म्हणजे तुमची चूक किती मोठी हे तुम्ही कुठल्या गल्लीत राहता यावर अवलंबून.

कपातीचा उपयोगच होत नाही, असं मी म्हणणार नाही. होतो. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात दिसलं की भत्ता कापला किंवा कापण्याची ताकीद दिली की माणसं यादीतून लवकर बाहेर पडतात. त्याच अभ्यासात हेही दिसलं की घाईने धरलेल्या नोकऱ्यांत त्यांची कमाई कमी राहते. तेव्हा आपल्याला काय हवंय ते आधी ठरवावं लागेल: छोटी यादी की बरी नोकरी.

आपल्याकडे बेकारीच्या पैशाची गंमत अशी की कारखान्यातल्या विमेदार कामगाराकडे शोधाची कसलीच अट नाही, पण पैशापर्यंत पोचायची वाट काट्यांची. १ जुलै २०१८ पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. पगार २१,००० रुपयांच्या आत, कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के हप्ता. नोकरी गेली तर सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के, आयुष्यात मिळून ९० दिवसांपर्यंत. सुरुवातीला अर्ज करायचा तो बेकार होऊन ९० दिवस झाल्यावर, आणि तोही आधीच्या मालकाच्या हातून. ज्याने कामावरून काढलं त्याच्याच दारात 'मला काढलं असं लिहून द्या' म्हणून उभं राहायचं! करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, ही अट सुटली, ९० चे ३० दिवस झाले आणि २५ चे ५० टक्के. म्हणजे अट अत्यावश्यक नव्हतीच. हा हप्ते भरलेल्या कामगाराचा स्वतःचा पैसा आहे. त्याला काम का शोधत नाहीस म्हणून दटावण्याआधी त्याची रक्कम त्याला वेळेत पोचवणं हे खरं काम आहे.

करातून दिल्या जाणाऱ्या भत्त्यांचं वेगळं. कर्नाटकात युवा निधी योजनेत पदवीधराला महिन्याला ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये दोन वर्षांपर्यंत मिळतात. बेळगाव-निपाणीकडची मराठी मुलंही त्यात आहेत. सहा महिने नोकरी नसावी आणि आपण अजून बेकार आहोत असं वेळोवेळी स्वतः घोषित करावं, ही मुख्य अट. आपल्याकडे २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, कचेरीत किंवा कारखान्यात राहून काम शिकण्यासाठी, बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन सुरू झालं. सुरुवातीला सहा महिने, मग मुदत वाढवली. एका राज्यात नुसती घोषणा मागतात, दुसऱ्यात हजेरी. हजेरीची कल्पना मला मुळात आवडते. पण कुणाला काय शिकवलं, हे कुठे नोंदलं जातं? मुलगा रोज आला की नाही हे वहीत आहे. त्याला फाइली उचलण्यापलीकडे काही येऊ लागलं का, हे वहीत नाही. मुदत संपल्यावर ही मुलं आम्हाला कायम करा म्हणून रस्त्यावर आली तेव्हा काही मंडळींना ती लबाड वाटली. मला वाटलं, हातात कौशल्य पडलं असतं तर ती दुसऱ्या दारात गेली असती. त्याच दारात थांबली, याचा अर्थ तिथून नेण्यासारखं फारसं मिळालं नव्हतं.

शहरातल्या बेकारांसाठी उद्या भत्ता आला, आणि आज ना उद्या तो येईल असं मला वाटतं, तर मी भत्ता घेणाऱ्याकडून काय मागेन? आधी खरेपणा. दुपारी तीन तास डिलिव्हरीची गाडी चालवलीस तर ते सांग. पण सांगितल्याबरोबर सगळा भत्ता गेला तर कुणीही खरं सांगणार नाही, म्हणून पहिली काही कमाई त्याच्याकडे राहू द्यावी. ज्या देशात बहुतेक कामं हिशेबाच्या वहीबाहेरच होतात, तिथे काम लपवायला लावणारा नियम म्हणजे खोटं बोलायची शिकवणी. मग भेट. महिन्यातून एकदा खऱ्या माणसासमोर बसायचं, मोबाईलवरच्या फोटोपुढे नाही. आणि योग्य काम आलं तर ते घ्यायचं, जिथे योग्य म्हणजे किती पगार, किती अंतर, लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू घरी असेल तर किती तास, हे आधी छापलेलं असेल. घरकामाच्या या तासांचा विचार केला नाही तर अटी मोडणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात जास्त नावं बायांची असतील.

मी मागणार नाही ते अर्जांचे आकडे. महिन्याला वीस अर्ज करा म्हटलं की वीस अर्ज होतात. नोकरी देणाऱ्याचा टपालाचा गठ्ठा वाढतो, एवढंच. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या खाणकामगाराने गोळा केले तसे नकार आपल्या मुलांनी मोबाईलवर गोळा करावेत, यात कुणाचं भलं आहे?

आणि प्रत्येक भेटीच्या कागदावर दोन रकाने असावेत. एकात मुलाने काय केलं, दुसऱ्यात कचेरीने काय केलं: कुठली जागा दाखवली, कुठल्या वर्गाला घातलं, कुणाशी बोलणं करून दिलं. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. दुसरा रकाना कोरा असेल त्या महिन्यात पहिल्या रकान्यावरून कपात करता येणार नाही. कपात करायचीच झाली तरी ती रेशनच्या पिशवीपर्यंत पोचणार नाही इतकीच.

फसवणूक होईल का? होईल. एखादा दुकान चालवून भत्ता घेईल, एखादा भावाच्या नावावर घेईल. व्यवसाय कर बुडवणारेही असतातच, त्यावरून कुणी पगारदारांना रोज सकाळी गेटवर उभं करत नाही.

याहून वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे. तो माझ्या घरातलाच आहे, कारण माझा चुलतभाऊ कांदा करतो. तो म्हणतो, "तुमच्या हमीमुळे लागणीला बाया मिळत नाहीत." मी त्याला दरवेळी विचारतो की लागणीला किती देतोस, आणि दरवेळी आमचं भांडण होतं, कारण भाव पडल्यावर त्यालाही हातात काही उरत नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याचा राग खरा आहे. पण बाईला जवळच्या रानात मजुरी कमी आणि हमीच्या कामावर ठरलेली मिळत असेल, तर तिने कमी मजुरीचं काम घेतलंच पाहिजे, असं बंधन कुणी घालायचं? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, आणि पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत हमीची कामं बंद ठेवायची सोय आली. चुलतभावाने मला बातमी पाठवली, खाली हसरा चेहरा. बंधन असं सरळ लिहिलं नाही की बाईने त्या दिवसांत शेतकरी देईल त्या भावात रानात जावं. पण दुसरं दार बंद करून ठेवल्यावर लिहायची गरजही राहत नाही. त्या ६० दिवसांत एखादी बाई नमुना ४ घेऊन पंचायतीत गेली तर तिला काय सांगणार, आणि तारीख घातलेली पोच देणार का, हे मी चुलतभावाला विचारलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.